चंदनसारच्या घरातली तुझी दुपार

आत्या, तुला जिन्यात चक्कर आली आणि दवाखान्याच्या वाटेवर तू गेलीस, असं विरारच्या चंदनसारमध्ये सांगतायत. आपल्या गावातही तेच पोचलंय. खोटं आहे ते. तुझं काम चाललं होतं त्या रिकाम्या घरात, आतल्या खोलीत, फरशीवर चटई टाकून तू दुपारची निजली होतीस आणि झोपेतच गेलीस. हे मी आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढे आठवणींच्या भरात राहून जाईल आणि तू कायमची जिन्यातच पडून राहशील.

मला पत्रकं लिहायची सवय. वर मुद्दा, मध्ये मागण्या, खाली आवाहन. तुझ्यावर लिहायला बसले तर मागणीच सुचेना. कोणाकडे काय मागायचं?

तुझं काम लोकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. "घरं विकायच्या आधी नीट करून देते," म्हटलं की विचारायचे, "म्हणजे इंटिरियर?" छे. इंटिरियरवाले ज्यांना परवडतात ते तुझ्याकडे कशाला येतील? तुझ्याकडे यायचे ते, ज्यांना घर विकायचंय पण त्यावर खर्च करायचा नाही. मग तू सातिवलीच्या गोदामांतून उरलेल्या रंगाचे डबे मागून आणायचीस. अर्धा पांढरा, तळाला राहिलेला पिवळा, कुठल्याशा ऑफिसचा करडा. सगळं एका बादलीत ओतून काठीने घोटायचीस. त्यातून निघणारा रंग कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नाही. सायीचा, पण साय जरा करपलेली. विरार पूर्वेला संध्याकाळी दिवे लागले की मी खालून चालता चालता वरच्या खिडक्यांतून तो ओळखते. ही तुझी खोली. ती पण तुझी. आता तू नाहीस आणि त्या खोल्या तशाच उजेडात उभ्या असतात. मान वर करायला नको वाटतं.

फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट. कडाप्प्याच्या ओट्यावर खोबरेलाचा हात. गळक्या नळाला नवा वायसर. पिवळ्या पडलेल्या स्विचच्या पट्ट्या काढून कपड्याच्या साबणाने घासायच्या. "नवं काय आनायचं नाय," तू म्हणायचीस, "हाय तेच उजळायचं."

इथवर ठीक होतं. याच्या पुढचं तुझं काम मात्र मला लहानपणापासून घाबरवायचं. तुझ्याकडे एक गोणपाटाची पिशवी होती, तिच्यात जुन्या चपला. एक जोड पुरुषाचा, एक बाईचा, आणि एका लहान पोराचे बूट. कोणाचे होते ते तू कधी सांगितलं नाहीस. रंग वाळला की रिकाम्या घराच्या दारात तू त्या मांडायचीस. नीट ओळीत नाही. आत्ताच कोणीतरी घाईत काढून आत गेल्यासारख्या.

"चपला नसलेल्या दारात गिऱ्हाईकाचं पाऊल अडतं," तू म्हणालीस.

खिडकीच्या ग्रिलवर ओला पंचा. मग छोट्या शेगडीवर डाळ, तिला लसणाची चरचरीत फोडणी, सगळ्या खिडक्या बंद करून. ती डाळ-भात तिथेच एकटी खायचीस आणि आतल्या खोलीत झोपायचीस. दाखवायला घर तयार झालं की रोज दुपारी हेच. मी विचारलं होतं, रिकाम्या घरात झोपायची काय हौस?

"घराला मानसाची सवय ऱ्हायला पायजे. एकदा सुटली का मंग ते कोनालाच घेत नाय."

तुझ्या आवाजात गंमत नव्हती. घराच्या आत 'विकायचं' हा शब्दही तू कोणाला काढू द्यायची नाहीस. एजंट आला की त्याला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन बोलायचीस, दार मागे ओढून घेऊन. मी हसायचे. पण त्या घरांतून मीही हळूच बोलायचे, हे खरंय.

आपला वाद गोखिवऱ्याच्या त्या तळमजल्यावरच्या घरात सुरू झाला. मी नुकतीच घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या आमच्या गटात कामाला लागले होते आणि माझं पहिलं पत्रक छापून आलं होतं: 'रंग बघू नका, भिंत बघा'. ते तुला दाखवायला आले, तर तू भिंतीला एक जुनं कपाट लावत होतीस.

"आत्या, मागे ओल आहे."

"हाय."

"मग कपाट कशाला?"

"ओलीला कपडे घातले."

"याला फसवणूक म्हणतात."

"काय गं पुढारीन, लगनाला साडी नेसून जातेस तवा कोनाला फसवतेस?"

"मी साडी नेसून कोणाच्या डोक्यावर कोसळत नाही. भिंत कोसळते!"

तू इतकी हसलीस की हातातला रोलर खाली पडला. मग माझ्या हातातली पत्रकं घेतलीस, बादलीखाली अंथरलीस आणि म्हणालीस, "बरा हाय तुझा कागुद. थेंब बराबर टिपतो."

आत्या, हा वाद संपलेला नाही. तू गेलीस म्हणून मी माघार घेतलेली नाही. ज्या माणसाने आयुष्यभराचं कर्ज डोक्यावर घेऊन घर घेतलं, त्याला पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागे बुरशी सापडली तर त्याने कोणाला विचारायचं? तू म्हणायचीस, "घर बगाया येनारा घर नाय बगत. त्यात आपन कसं दिसू ते बगतो." असेल. म्हणून आपण त्याला आंधळं ठेवायचं? तू चुकत होतीस. हे तोंडावर सांगितलं होतं, आताही सांगते. आता तुझं उत्तर येत नाही, तेवढाच फरक पडलाय. आणि त्या फरकाने मला झोप लागत नाही.

तुला जिन्यात चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेल्याचा फोन भावेशने केला, तुला ही कामं आणून देणाऱ्या एजंटने. मी पोचले तेव्हा तू स्ट्रेचरवर कुशीला होतीस आणि तुझ्या गालावर चटईच्या काड्यांचे वळ स्पष्ट उमटले होते. जिन्यात पडलेल्या बाईच्या गालावर चटई उमटत नाही. मी भावेशला बाहेर घेतलं.

"खरं सांग."

"ताई, मी चावीने उघडलं तर त्या झोपल्या होत्या. हाक मारली. हलवलं. मला वाटलं श्वास आहे. देवाशप्पथ, मला वाटलं आहे. म्हणून उचलून रिक्षात घातलं."

यावर माझा विश्वास आहे. थोडासा. पुढचं त्याचं बोलणं ऐक.

"एक रिक्वेस्ट आहे, ताई. घरात झालं असं कुठे बोलू नका ना. डेथ झालेलं घर कोण घेतंय? लोक तेच पहिलं विचारतात. मालक तिकडे कतारला, कर्जाचे हप्ते तुंबलेत, हे घर गेलं नाही तर तो पण जाईल."

"मग कुठे झालं म्हणायचं?"

"फोनवर सांगितलं तेच, जिन्यात म्हणू. जिना काय, सगळ्यांचा असतो."

जिना सगळ्यांचा असतो! इतकं चोख वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जन्मभर ओलीला कपडे घातलेस आणि शेवटी तूच ओल झालीस, आत्या. तुझ्यावर पुट्टी मारून वरून रंग द्यायला निघालेत हे.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. मला वाटलं, बहिणीसाठी पेटून उठतील. ते जागचे उठलेसुद्धा नाहीत. मग म्हणाले, "ती असती ना, तर तिनं भावेसचंच ऐकलं असतं."

आणि हे मला नाकारता येईना. मनवेलपाड्याच्या त्या म्हाताऱ्याचं घर मला आठवत होतं. तो घरातच वारला होता आणि बघायला आलेल्यांना तू सांगितलंस, म्हातारा मुलाकडे गेला. ते गेल्यावर मी तुझ्यावर धावून आले. तू शांतपणे कडाप्पा पुसत होतीस. "मुलाकडंच गेला की. पोरगा आदी गेलाय त्याचा." मला शिसारी आली आणि हसूही आलं. तुझ्याशी भांडताना नेहमी हाच त्रास.

म्हणून भावेशच्या जिन्याच्या गोष्टीला मी हरकत घेतली नाही. पण चंदनसारच्या घरात आतल्या खोलीची एक भिंत तुझी राहिली होती, रंगाविना. ती भावेश दुसऱ्या कोणाकडून करून घेणार होता. मी म्हटलं, बादली ठेव, एक चावी दे, मी करते.

दुपारची गेले. पॅसेजमध्ये पोचले आणि थबकले. दारात चपला. तू मांडलेल्या. पुरुषाची एक चप्पल उलटी झाली होती. वाकून सरळ करणार, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. त्या परब काकू. तू त्यांना फक्त 'समोरची' म्हणायचीस.

"तू त्यांच्यातली कोण गो?"

"त्यांची भाची."

"मग आत सांग घरच्यांना, डबा मिळाला म्हणून. एवढी काय घाई होती परत करायची?"

"कसला डबा, काकू?"

"पिठलं-भाताचा. बाई गेली कळलं, म्हटलं सुतकाच्या घरात चूल पेटणार नाही, पोर लहान आहे. बेल वाजवली, कोणी उघडलं नाही. अशा वेळी कोण उघडतंय म्हणा. चपलांशेजारी ठेवून आले. सकाळी बघते तर डबा माझ्या दारात. घासून पुसून. आत साखरेची चिमूट."

"काकू, या घरात कोणी राहत नाही."

"नाही कसं? चपला दिसतात ना मला रोज! कधी त्या पुरुषाच्या आत वळलेल्या, कधी बाहेर."

"झाडूवाली सारत असेल."

"झाडूवाली आमच्या मजल्यावर येतच नाही! तेच तर भांडण चाललंय सोसायटीत."

असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून त्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मग खालचीही कडी घातली.

मी चळवळीतली बाई आहे, आत्या. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी भर सभेत उठून प्रश्न विचारलेत. म्हणून मी चौकशी केली. भावेशला फोन लावला, तर तो म्हणाला, "कसला डबा? माझ्याकडे चावी आहे, पण त्या दिवशी चटई टाकून आलो, त्यानंतर मी तिकडे फिरकलोच नाही, मला तर भीती वाटते." वॉचमनला विचारलं. वरच्या मजल्यावर विचारलं. कोणालाच काही माहीत नाही. कोणी उपाशी माणसाने खाल्लं असेल, धुऊन ठेवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. असेलही. पण ती साखर मला छळते. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हा तुझा नेम. पण सुतकाच्या घरातून साखर बाहेर जात नाही, हेही तूच मला शिकवलंस. म्हणजे डबा ज्याने धुतला, त्याला या घरात कोणी गेलंय हे माहीतच नव्हतं.

मी आत गेले. दार लावलं नाही.

भावेशने चटई फेकून दिली होती. शेगडी, पातेलं बाबांनी नेलं होतं. सवयीने बाथरूमच्या भिंतीवर बाहेरून हात ठेवला, तर तुझ्या रंगाखाली ओल लागली. घरात काही नव्हतं, बादली, रोलर आणि ती एक उघडी भिंत सोडून. मी चपला काढून आतल्या खोलीत शिरले आणि पायाखाली फरशी गार लागली. चार पावलं गार. मग खिडकीपासून जराशी आत, एका माणसाला आडवं होता येईल एवढ्या जागेत, ऊबदार. खिडकी उत्तरेकडे आहे, तिथे ऊन येत नाही. खालच्यांच्या गरम पाण्याचा पाईप छतातून गेला असेल. मी त्या जागेला वळसा घालून भिंतीपाशी गेले.

रंग द्यायला लागले. तुझ्या रोलरची मूठ एका बाजूने झिजलीय, हात आपोआप तुझ्यासारखा वळतो. थोड्या वेळाने लसणाची फोडणी आली. शेजारून येत असेल. दुपारची वेळ, कोणाकडे तरी डाळ असणारच. मी अशी एकेक कारणं देत गेले, आणि सगळी पटण्यासारखी होती. फक्त ती मी मोठ्याने देत होते, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. आणि माझं बोलून झालं की खोली जराशी थांबायची, एखादं माणूस ऐकून घेताना थांबतं तशी.

भीती वाटली का? वाटली. पण पळून जावंसं वाटलं नाही. तुझ्यासारखं मला कधी कोणी ऐकून घेतलंच नाही, बादलीखाली पत्रकं अंथरताना सुद्धा तू प्रत्येक ओळ वाचत होतीस. हे तुला सांगायचं राहिलं. सभांमध्ये टाळ्या मिळतात, आत्या, पण उलट उत्तर देणारं माणूस मिळत नाही.

भिंत झाली. बादलीत रंग उरला नाही. तो रंग आता कोणाला पुन्हा जमायचा नाही.

रोलर धूत होते तेव्हा भावेशचा आवाज आला. त्याने मला न सांगता गिऱ्हाईक आणलं होतं. एक जोडपं. नवरा सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात, सध्या गोखिवऱ्याला भाड्याच्या खोलीत. नवरा नळ सोडून बघू लागला, भिंतीवर बोटाने ठोकून बघू लागला. बायको कुठेच थांबली नाही. सरळ आतल्या खोलीत गेली आणि खाली बसली. खिडकीपासून जराशी आत.

माझ्या हातातून पाणी ठिबकत राहिलं.

"इथं बरं वाटतंय," ती म्हणाली.

"हवेशीर आहे मॅडम," भावेश म्हणाला.

"हवा नाही. ऊब आहे." तिने फरशीवरून हात फिरवला. मग वर बघून विचारलं, "घरात कुणाचं काही झालेलं नाही ना? विचारलेलं बरं."

"छे छे! काहीतरीच काय!" भावेश म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी हात जोडले त्याने.

आत्या, त्या क्षणी तुझी बाजू मला जितकी कळली तितकी कधीच कळली नव्हती. तुझं शेवटचं काम होतं ते. घर तयार होतं, चपला होत्या, फोडणीसुद्धा होती. मी गप्प बसले असते तर ते घर गेलं असतं आणि तू जिंकली असतीस. कतारमधला माणूस सुटला असता. बाबा म्हणाले तेच खरं, तू डोळा मारून मला गप्प केलं असतंस. पण मग तू कुठे गेलीस? सगळ्यांच्या जिन्यात?

"झालंय," मी म्हणाले. "माझी आत्या इथे गेली. याच खोलीत. रंगाचं काम करून, जेवून झोपली होती. तुम्ही बसलात तिथेच. आणि बाथरूमच्या भिंतीला बाहेरून ओल आहे, रंगाने झाकलीय."

"ताई!" भावेश ओरडला.

"उठ गं," नवरा दारातून म्हणाला. आत यायला तो तयार नव्हता. "उठ. आपण दुसरं बघू."

ती उठली नाही. माझ्याकडेच बघत होती. "त्रास झाला का त्यांना?"

"नाही. झोपेत."

"मी इथं बसलेली चालेल का त्यांना?"

गेली काही वर्षं मी लोकांना सांगतेय की पुराव्याशिवाय कोणाचा शब्द घेऊ नका. बिल्डरचा नाही, एजंटचा नाही, कोणाचाच नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता. मी म्हणाले, "चालेल."

"तुम्ही बघून या दुसरं," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बसते जरा. सकाळपासून घरंच बघतोय, पाय राहिले नाहीत."

नवरा घुटमळला, मग भावेशबरोबर खाली उतरला. भावेश जाताना जे काही बोलला ते इथे छापता येणार नाही. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात विरला. मग तिने पदर खांद्याभोवती घेतला, दंड उशाला घेतला आणि भिंतीकडे तोंड करून कुशीला वळली. त्या जागेत ती बरोबर मावली. थोड्याच वेळात झोपली. अनोळखी घरात, अनोळखी बाईसमोर, इतकी गाढ झोप मी पाहिलेली नाही.

त्यांचा होकार अजून आलेला नाही. नकारही नाही.

त्या दुपारी, ती झोपल्यावर, मी तिथून निघू शकले असते. रोलर धुऊन झाला होता, माझं काम संपलं होतं. पण मला पाय उचलवेना. मी उंबऱ्याशी बसले आणि तिची पाठ वर होतेय का, खाली होतेय का, ते बघत राहिले. एकदा ती फार वेळ हलली नाही तेव्हा मी गुडघ्यांवर सरकत पार जवळ गेले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. गरम. मी तशीच तिथे बसून राहिले, ती उठेपर्यंत. तुझ्याजवळ असं बसायला कोणी नव्हतं, आत्या.